डोंगर उडाला नाही, खचला

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं क्रेटर लेक पाहून आलेल्या मराठी माणसाला हमखास लोणार आठवतं. दोन्ही गोल, दोन्हींभोवती कडे. पण लोणार उल्केच्या आघातानं झालं, तिथलं पाणी खारं. क्रेटर लेकचं पाणी गोडं आणि ते घडवलं ज्वालामुखीनं. मात्र तेही बहुतेकांना वाटतं तसं नाही.

समज असा, की स्फोटात डोंगराचा माथा उडाला आणि खड्डा उरला. मग तो माथा पडला कुठे? आसपास राखेचे आणि प्युमिसचे (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे) जाड थर आहेत, पण ते ताज्या शिलारसाचे. जुन्या डोंगराचे दगड त्यात फारच थोडे. भूशास्त्रज्ञ हॉवेल विल्यम्स यांनी १९४२ साली हा हिशेब तपशिलात मांडला. हा डोंगर, म्हणजे सुमारे ३,७०० मीटर उंचीचा माउंट मझामा, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, तेव्हा पोटातला जवळपास ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. खालचा आधारच गेल्यावर माथा आत कोसळला. आठ ते दहा किलोमीटर रुंदीचा हा खळगा म्हणजे कॅल्डेरा.

गंमत म्हणजे, इथल्या मूळ रहिवासी क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा अधिपती लाओ याच्यावर डोंगर खचतो. उडत नाही! त्यांचे पूर्वज तेव्हा या भागात होते. ओरेगनमधल्याच फोर्ट रॉकच्या गुहेत मझामाच्या राखेखाली सेजब्रश झुडपाच्या सालीच्या चपला सापडल्या आहेत.

एवढं पाणी नदीनं आणलं असेल, हाही गैरसमजच. इथे ना नदी येते, ना बाहेर पडते. बर्फ आणि पावसानं कॅल्डेरा साडेसातशे वर्षांच्या आत भरला. आता जितकं पाणी पडतं, तितकंच बाष्पीभवनानं आणि झिरपून जातं. नदीचा गाळ नाही, म्हणून पाणी नितळ. खोली ५९४ मीटर, अमेरिकेत सर्वाधिक. तो गडद निळा रंग एखाद्या क्षाराचा नाही. खोल, स्वच्छ पाणी लाल प्रकाश शोषतं आणि निळा परत पाठवतं, इतकंच.

आणि ज्वालामुखी मेलेला? मुळीच नाही. तळ्यातलं विझार्ड बेट हा शंकू माथा कोसळल्यानंतर, तळातून झालेल्या उद्रेकांतून उभा राहिला. शेवटचा उद्रेक सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी पाण्याखाली झाला. तळाशी कोमट पाणी अजून झिरपतं. भूशास्त्रज्ञ मझामाला निद्रिस्त म्हणतात, मृत नव्हे.