एकोणीस जूनचा मुक्तिदिन : घोषणा, विलंब आणि स्मरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी १९ जून हा दिवस गुलामगिरीच्या अंताचा स्मृतिदिन म्हणून पाळण्यात येतो. इंग्रजीतील ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’, म्हणजे एकोणिसावा, हे दोन शब्द लोकांच्या तोंडी एकत्र होऊन ‘जूनटीन्थ’ हे नाव रूढ झाले. २०२१ साली तेथील मध्यवर्ती सरकारने ह्या दिवसाला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा दिला. तत्पूर्वी एकशे पंचावन्न वर्षे हा सण राष्ट्रीय मान्यतेवाचून चालत आला होता, आणि तो जिवंत ठेवण्याचे काम मुख्यत्वे मुक्त झालेल्या गुलामांनी, त्यांच्या वंशजांनी व त्यांच्या मंडळ्यांनी केले होते. सणाला राजमान्यता मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले, आणि ती मिळाल्यावर त्याचे काम संपते काय, हा प्रश्न आपणही विचारात घ्यावा असा आहे. प्रस्तुत लेखात प्रथम त्या दिवसाचा इतिहास पाहू व मग ह्या प्रश्नाकडे वळू.

१. घोषणा आणि विलंब

उत्तर व दक्षिण राज्यांतील यादवी युद्ध चालू असता अध्यक्ष अब्राहम लिंकन ह्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला. बंड करून उठलेल्या राज्यांतील गुलाम ह्यापुढे मुक्त आहेत, असे त्यात घोषित केले होते. आदल्या रात्री, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, ठिकठिकाणच्या कृष्णवर्णीय लोकांनी एकत्र जमून जागरण केले व प्रार्थनेत ह्या घोषणेची वाट पाहिली. त्यांच्या मंडळ्यांत वर्षाच्या अखेरच्या रात्री होणाऱ्या उपासनेशी ती आठवण आजही निगडित आहे.

परंतु ह्या जाहीरनाम्याला दोन मर्यादा होत्या. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी व मिसूरी ही गुलामधारी राज्ये संघराज्याशी एकनिष्ठ राहिली होती. त्यांना तो लागू नव्हता. आणि जेथे तो लागू होता तेथे संघराज्याचे सैन्य पोहोचेपर्यंत त्याचा अंमल होणे कठीण होते. टेक्सास हे फुटीर राज्यांपैकी अगदी पश्चिमेकडचे राज्य. तेथे सैन्याचा शिरकाव फारसा झाला नाही. उलट, लुइझियाना आदी राज्यांतील कित्येक मळेवाल्यांनी आपले गुलाम सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना टेक्सासात हलविले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, १५ एप्रिलला लिंकन मारेकऱ्याच्या गोळीने मृत्यू पावले. तरी टेक्सासातील मळ्यांवर गुलामगिरी चालूच होती.

अखेर १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर ह्यांनी गॅल्व्हेस्टन बंदरात आपला सर्वसाधारण आदेश क्रमांक ३ प्रसृत केला आणि सर्व गुलाम मुक्त असल्याचे जाहीर केले. त्या राज्यात तेव्हा सुमारे अडीच लाख लोक गुलामीत होते. जाहीरनाम्यास अडीच वर्षे होऊन गेली होती.

बातमी पोहोचण्यास उशीर झाला, असे ह्या घटनेचे वर्णन पुष्कळदा करण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. टेक्सासच्या वर्तमानपत्रांतून जाहीरनाम्याची वार्ता आली होती. मळेवाल्यांना ती ठाऊक होती, आणि गुलामांपैकीही काहींच्या कानी ती गेली होती. उणीव होती ती त्या वार्तेमागे उभ्या राहणाऱ्या सत्तेची. ग्रेंजर ह्यांच्या आदेशानंतरदेखील काही मालकांनी हंगामाचे पीक हाती येईपर्यंत ही गोष्ट आपल्या गुलामांपासून लपवून ठेवली. डेलावेअर व केंटकी येथील उरलेल्या गुलामांना तर ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती संमत होईपर्यंत थांबावे लागले. तेव्हा १९ जून हा गुलामगिरीचा शेवटचा दिवस होता असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. मुक्ती जाहीर होणे आणि ती माणसाच्या दारापर्यंत पोहोचणे ह्यांत केवढे अंतर असू शकते, ह्याची खूण म्हणून लोकांनी तो दिवस जतन केला.

२. रिकाम्या हातांनी

ग्रेंजर ह्यांचा आदेश लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. पूर्वीचे मालक व पूर्वीचे गुलाम ह्यांचे वैयक्तिक व मालमत्तेचे हक्क सर्वस्वी समान आहेत, असे त्यात सांगितले आहे. येथपर्यंत तो आदेश फार पुढे जातो. परंतु लगेच मुक्त झालेल्यांना असा उपदेश केला आहे की त्यांनी आहेत तेथेच शांतपणे राहावे व मजुरीवर काम करावे. लष्करी ठाण्यांवर गर्दी करू नये. आळसात बसणाऱ्यास कोणी पोसणार नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या बिनमोल राबल्या होत्या त्यांनाच आळसाविषयी ताकीद देण्यात आली, आणि ज्यांनी त्या श्रमांचे फळ खाल्ले होते त्यांच्याकडून देणे वसूल करण्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील नियम येथे आठवल्यावाचून राहत नाही. सहा वर्षे सेवा केलेल्या इब्री दासाला सातव्या वर्षी मोकळे करताना धन्याने त्याला रिक्तहस्ते पाठवू नये. आपले कळप, खळे व द्राक्षकुंड ह्यांतून त्याला उदारपणे द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. तिचे कारणही लगेच दिलेले आहे : इस्राएल स्वतः मिसर देशात दास होता व परमेश्वराने त्याला सोडविले. शास्त्राच्या दृष्टीने मुक्ती ही केवळ साखळी तुटण्याने पुरी होत नाही. मुक्त झालेल्याच्या हाती जगण्याचे साधन यावे लागते.

हे मर्म त्या काळच्या कृष्णवर्णीय पाळकांस पुरते उमगले होते. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे त्यांच्यापैकी वीस जणांना जनरल शेरमन ह्यांच्यासमोर बोलाविण्यात आले. तुमच्या लोकांना काय हवे, असा प्रश्न झाला. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर ह्या वयोवृद्ध बॅप्टिस्ट पाळकाने उत्तर दिले : आम्हांस जमीन मिळावी, म्हणजे ती कसून आम्ही आपला निर्वाह आपणच करू. चारच दिवसांनी शेरमन ह्यांनी समुद्रकाठची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी वाटून देण्याचा आदेश काढला. परंतु त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन ह्यांनी त्यांपैकी बहुतेक जमीन पूर्वीच्या मालकांना परत देवविली. मुक्ती राहिली, पण हात रिकामे राहिले.

३. मंडळ्यांनी राखलेला सण

पुढच्याच वर्षी, १८६६ साली, टेक्सासातील मुक्त लोकांनी ह्या दिवसाचा पहिला वाढदिवस साजरा केला. प्रार्थना, गीते, मुक्तीच्या जाहीरनाम्याचे वाचन, वृद्धांच्या तोंडून गुलामीतील दिवसांचे कथन आणि शेवटी सर्वांची पंगत, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असे. पंगतीत तांबड्या रंगाच्या पेयांना व खाद्यपदार्थांना विशेष स्थान असते; पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताची ती आठवण, असा अर्थ पुष्कळ जण सांगतात.

जमण्यासाठी जागा मिळणे हीच मोठी अडचण होती, कारण सार्वजनिक उद्याने ह्या लोकांना सहसा खुली नसत. म्हणून १८७२ साली ह्यूस्टन शहरात जॅक येट्स ह्या पाळकाच्या पुढाकाराने बॅप्टिस्ट व मेथडिस्ट मंडळ्यांतील लोकांनी वर्गणी जमविली आणि दहा एकर जमीन विकत घेतली. येट्स स्वतः गुलामीत जन्मलेले होते. ते उद्यान ‘इमॅन्सिपेशन पार्क’, म्हणजे मुक्ती उद्यान, ह्या नावाने आजही तेथे आहे. जे काल स्वतः कोणाच्या तरी मालकीचे होते, त्यांनी आपल्या स्मरणासाठी जमीन मालकीची करून घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वंशभेदाचे कायदे कडक झाले आणि सणाला उतरती कळा लागली. कामावरून रजा मिळत नसे, शालेय पुस्तकांत ह्या दिवसाचा उल्लेख नसे. तथापि टेक्सासातून उत्तरेकडे व पश्चिमेकडे स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नव्या शहरांत नेला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी ह्यांच्या नेतृत्वाखाली गरिबांची मोहीम वॉशिंग्टनमध्ये जमली. तिचा ऐक्यदिन १९ जून रोजीच पाळण्यात आला. तेथे आलेले लोक परत जाताना हा सण आपापल्या गावी घेऊन गेले. पुढे ॲल एडवर्ड्स ह्या कृष्णवर्णीय आमदारांनी मांडलेले विधेयक १९७९ साली मंजूर झाले, आणि १९८० पासून टेक्सास हे ह्या दिवसाची राज्यसुट्टी देणारे पहिले राज्य ठरले.

४. राजमान्यता

राष्ट्रीय मान्यतेच्या इतिहासात ओपल ली ह्या निवृत्त शिक्षिकेचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. त्यांचा जन्म १९२६ सालचा. त्या बारा वर्षांच्या असता फोर्ट वर्थ शहरातील गोऱ्या लोकांच्या वस्तीत त्यांच्या आईवडिलांनी घर घेतले. १९३९ साली जमावाने त्यावर हल्ला करून ते जाळले. तो दिवस १९ जूनचाच होता. २०१६ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्या फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने निघाल्या. ठिकठिकाणी त्या अडीच मैल चालत. टेक्सासला मुक्तीची वाट पाहावी लागलेल्या अडीच वर्षांची ती खूण होती.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड ह्यांची एका पोलीस अधिकाऱ्याच्या हातून हत्या झाली आणि देशभर क्षोभ उसळला. फ्लॉइड हे ह्यूस्टनच्या त्याच भागात वाढले होते जेथे मुक्ती उद्यान आहे. ह्या क्षोभाच्या काळात अनेक राज्ये, शहरे व उद्योगसंस्था ह्यांनी १९ जूनला मान्यता दिली. जून २०२१ मध्ये सिनेटने एकमताने व प्रतिनिधिगृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी विधेयक संमत केले. १७ जून रोजी अध्यक्ष जो बायडन ह्यांनी त्यावर सही केली. त्या वेळी ओपल ली तेथे उपस्थित होत्या. १९८३ साली किंग ह्यांच्या जन्मदिनाच्या सुट्टीचा कायदा झाल्यानंतर निर्माण झालेली ही पहिलीच नवी राष्ट्रीय सुट्टी होय. पुढे २०२४ साली, जाळलेल्या घराच्याच जागेवर बांधलेले नवे घर ओपल ली ह्यांना मिळाले.

५. मंडळीची दुहेरी आठवण

मंडळ्यांनी हा सण राखला, हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८०७ साली वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी लंडनमध्ये पवित्र शास्त्राची एक कापून लहान केलेली आवृत्ती छापण्यात आली. तीतून निर्गमाच्या पुस्तकाचा बहुतेक भाग वगळलेला होता. अमेरिकेत मेथडिस्ट मंडळी १८४४ साली व बॅप्टिस्ट मंडळी १८४५ साली ह्याच प्रश्नावरून दुभंगली. दक्षिणेतील बॅप्टिस्टांच्या संघाने गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व ज्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, त्या बोर्डाची गुलामगिरीविषयीची भूमिका मवाळ आहे असे वाटून त्याचे काही आश्रयदाते दूर झाले. त्यांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था स्थापिली, आणि युद्धानंतर तिने मुक्त झालेल्यांसाठी शाळा व महाविद्यालये काढली. गोव्यातील वाचकांनाही हा विषय परका नाही. पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून गुलाम आणून तेथे विकले जात, व ख्रिस्ती घरांतूनही ते राबत. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ व यल्लापूरच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या पूर्वजांपैकी पुष्कळ जण गोव्याच्याच वाटेने आले. त्या समाजात ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. आणि १८७३ साली जोतीराव फुले ह्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ह्या आशेने. ह्यूस्टनचे उद्यान विकत घेतल्याला तेव्हा एकच वर्ष झाले होते. दूरच्या मुक्तीकडे पाहून आपल्या दारातील दास्य ओळखावे, हा धडा मराठीत तेव्हाच लिहिला गेला आहे.

६. सुट्टी आणि सण

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मान्यतेमुळे एक मोठी गोष्ट साधली : जी आठवण एका समाजाची मानली जात होती ती संपूर्ण राष्ट्राची ठरली. गुलामगिरी हा केवळ गुलामांचा इतिहास नाही, तो मालकांचाही आहे, हे त्यात मान्य झाले. परंतु मान्यतेबरोबर धोकाही आला. २०२२ साली एका मोठ्या दुकानसाखळीने ह्या सणाच्या नावाचे आइस्क्रीम विक्रीस ठेवले, आणि टीका होताच ते मागे घेऊन माफी मागितली. स्मरण गेले आणि सुट्टी तेवढी उरली, तर दिवस पंचांगात राहील, पण सण राहणार नाही.

वल्हांडणाच्या विधीत ह्या धोक्यावर उपाय सांगितलेला आहे. हा विधी कशासाठी, असे मुले विचारतील तेव्हा त्यांना सुटकेची हकीकत सांगावी, असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायात फर्मावले आहे. मुलाचा प्रश्न व वडिलांचे उत्तर हा सणाचा प्राण आहे. टेक्सासातील वृद्ध स्त्रीपुरुष पंगतीआधी नातवंडांना मळ्यावरील दिवस सांगत, तेव्हा ते हेच करीत होते. शासन सुट्टी देऊ शकते. उत्तर देण्याचे काम घराने व मंडळीनेच करावे लागते.

आणि त्या उत्तरात अडीच वर्षांचा विलंब सांगितलाच पाहिजे. बंदिवानांना सुटका जाहीर करण्यासाठी आपणांस पाठविले आहे, असे प्रभूने नासरेथच्या सभास्थानात शास्त्रलेख वाचून सांगितले. त्याच्या मंडळीलाही तीच वार्ता सोपविलेली आहे. म्हणून व्यासपीठावरून घोषणा करून थांबणे तिला शोभत नाही. ती वार्ता कोणाच्या दारापर्यंत अद्याप पोहोचली नाही, कोणी ती पीक हाती येईपर्यंत दडवून ठेवली आहे, आणि जो मुक्त झाला त्याच्या हाती काय आहे, एवढे तीन प्रश्न तिने प्रत्येक पिढीत स्वतःला विचारावेत. एकोणीस जूनचा दिवस ते प्रश्न आठवून देतो.