अवकाश-प्रतिकृती, अमूर्त

वास्तूच्या अंतर्भागाचे वातावरण, तपशील वगळून, केवळ आकार, घनता व छायाप्रकाश यांद्वारे व्यक्त करणारी लघुप्रतिकृती. पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टर इ. माध्यमांत ती घडवितात. इटालियन वास्तुशिल्पज्ञ लूईजी मोरेत्ती (१९०७–७३) याने आपल्या स्पात्सिओ या नियतकालिकात १९५२-५३ मध्ये या विषयाची तात्त्विक मांडणी केली. भिंती व छत वगळून त्यांनी वेढलेली पोकळीच त्याने प्लॅस्टरच्या भरीव घनाकारांत दाखविली. रोममधील सेंट पीटर्स चर्च, ग्वारीनीने लिस्बनसाठी आखलेले चर्च इत्यादींच्या अशा प्रतिकृती त्याने केल्या. अंतर्गत अवकाशाचे आकार, आकारमान, घनता व दाब असे चार गुणधर्म त्याने मानले. घनता प्रकाशाच्या प्रमाणावर व वाटणीवर, तर दाब सभोवतालच्या बांधीव भागाच्या सान्निध्यावर अवलंबून असतो. ठेंगण्या, अरुंद मार्गातून उंच दालनात येताना जाणवणारा मोकळेपणा हा दाबातील फरकाचा परिणाम होय. नकाशात न दिसणारा हा क्रम घनाकारांच्या साखळीत स्पष्ट होतो. मात्र भरीव प्रतिकृतीत प्रत्यक्ष प्रकाश शिरत नाही. त्यासाठी छिद्रे ठेवलेली पोकळ प्रतिकृती दिव्यासमोर धरून डोळ्यांच्या पातळीवरून पाहतात. ब्रिटिश शिल्पकर्त्री रेचेल व्हाइटरीड हिने घोस्ट (१९९०) या शिल्पात एका खोलीची पोकळी प्लॅस्टरमध्ये पूर्णाकार साकारली.