ठाणे की आधारवाडी?

"पीसीआर संपला, एमसीआर झाला." कल्याणच्या न्यायालयाच्या आवारात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. घरच्यांना त्यातून एवढंच कळतं, की आपला माणूस आता पोलिसांच्या ताब्यात नाही. मग कोणाच्या ताब्यात? न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग, हे कळायलाच काहींना दिवस जातो. आणि तुरुंग कोणता, हे कळायला आणखी. कल्याण-उल्हासनगरकडचे बहुधा आधारवाडीला, म्हणजे कल्याणच्या तुरुंगात, ठाण्याकडचे ठाण्याला, हा झाला ढोबळ हिशेब. जागा नसेल तर तळोजाचा तुरुंगही. आई डबा घेऊन आधारवाडीला आणि मुलगा ठाण्याला, असं होऊ शकतं.

दोन्ही तुरुंगांत जागा नसते, हे मात्र नक्की. ठाणे मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता १,१०५, कल्याण जिल्हा कारागृहाची ५४०. प्रत्यक्षात तिपटी-चौपटीने माणसं आत असल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि दरवर्षी शिळ्या होतात. आतल्यांपैकी बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. देशाचा २०२२चा आकडा पाहिला तर ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. बोलीभाषेत कच्चे कैदी. शंभरातले जवळजवळ शहात्तर.

आपला माणूस कुठे आहे हे कळण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत लहानशा ग्रामीण काउंटीचा शेरीफसुद्धा आज तुरुंगात कोण कोण आहे याची यादी, पुष्कळदा फोटोंसकट, संकेतस्थळावर टाकतो. घरच्यांचा शोध पाच मिनिटांत संपतो. पण पुढे निर्दोष सुटलेल्याचा चेहराही त्या फोटोतून वर्षानुवर्षं फिरत राहतो. आपल्याकडे तशी उघडी यादी नाही आणि ते बरंच आहे, असं मला वाटतं. मात्र यादी नसेल तर निदान घरच्यांना विचारायची जागा ठाऊक हवी. ती जागा कायद्याने दिलेली आहे. सांगत कोणी नाही.

अटक झाली की नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घालून दिलं. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्यात नेमलेला असावा, अटक झालेल्यांची नावं-पत्ते फलकावर असावेत, असंही ही संहिता सांगते. प्रथम खबर (एफआयआर) चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, हा २०१६चा आदेश; संवेदनशील गुन्हे तेवढे वगळून. तेव्हा पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यातून काही आणायचं असेल तर ते म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक. पुढचं सगळं त्यावर चालतं. त्यावरून खटल्याचा सोळा खुणांचा सीएनआर क्रमांक सापडतो, त्यावरून पुढची तारीख, आणि रिमांडच्या नोंदीवरून वकिलाला कळतं माणूस कोणत्या तुरुंगात पाठवला.

नावावर मात्र फार विसंबू नये. तुरुंगातल्या मुलाखतीसाठी 'ई-मुलाकात' या संकेतस्थळावर नोंदणी करताना बंद्याचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, तुरुंग असं सगळं रोमन लिपीत भरावं लागतं. खबरीत हवालदाराने लिहिलेलं आडनाव एक, आधार कार्डावरचं दुसरं, आणि 'उर्फ'च्या पुढे वस्तीत हाक मारतात ते तिसरं. एका 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' पडला की मुलगा हाती लागत नाही. तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या जिन्यात ओझरती भेट व्हायची, तीही आता व्हीसीवरच्या, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या, हजेरीमुळे कमी होत चालली आहे. व्हीसीने पोलीस बंदोबस्त वाचला असेल; आईचं दर्शनही वाचलं.

आत गेलेल्या माणसाचं काय काय लिहिलं जातं, हे १८९४च्या कारागृह कायद्याच्या साच्यातून आलेलं आहे. त्याच्या बाराव्या कलमाने अधीक्षकावर वह्या लादल्या: दाखल होणाऱ्यांची नोंदवही, कोण कधी सुटणार याची वही, आतल्या शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही, आणि काढून घेतलेल्या पैशांची-वस्तूंची नोंद. चोविसावं कलम आणखी महत्त्वाचं. दाखल होताना वैद्यकीय अधिकाऱ्याने अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहायच्या. पोलीस कोठडीत मारहाण झाली असेल तर तुरुंगाच्या दारातली ही नोंद पुढे वकिलाच्या कामी येते. ज्या सरकारने माणसं डांबायला कायदा केला, त्याच्याच वहीत डांबलेल्याचा पुरावा राहतो.

ठाण्याचा तुरुंग या वह्यांच्याही आधीचा. तो मुळात किल्ला. पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमारास तो बांधायला घेतला, १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. त्यात कोंडलेला एक गाजलेला कैदी म्हणजे पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनानंतर १८१५ साली पेशव्याने त्याला इंग्रजांच्या हवाली केलं आणि १८१६च्या सप्टेंबरात तो पळाला. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. म्हणतात, की बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता मराठीत गाणं म्हणत होता, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यातच होता. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. बिशप हीबरने ही हकिकत नोंदली, म्हणून ती टिकली. सुरक्षेच्या कोणत्याही परिपत्रकात हा मुद्दा मला अजून दिसलेला नाही.

पुढे इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८च्या मे महिन्यात इथेच फाशी दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला २१ डिसेंबर १९०९ला. त्या खुनासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला ठाण्यात फासावर चढवलं. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत चार महिनेही गेले नाहीत. मृतदेह घरच्यांना दिले नाहीत. सावरकरांना १९११ साली अंदमानला नेण्याआधी काही काळ इथे ठेवलं होतं. त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०. सुटकेची तारीख गळ्यात अडकवणारं ते तुरुंग खातं हिशेबाला पक्कं होतं, एवढं कबूल करावं लागेल.

या मंडळींची कागदपत्रं मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, न्यायखात्याच्या दफ्तरांत अभ्यासकाला शोधता येतात. गंमत अशी, की शंभर वर्षांपूर्वी फाशी गेलेल्याचा माग काढायला वाट आहे, आणि परवा आधारवाडीत गेलेल्या रिक्षावाल्याचा माग काढताना त्याच्या बायकोला तीन खिडक्या फिराव्या लागतात. जुन्या वह्या सरकारने स्वतःसाठी ठेवल्या होत्या. घरच्यांनी त्या उघडाव्यात ही कल्पनाच नवी आहे, आणि ती न्यायालयांनी थोडीथोडी रुजवली.

वह्यांत आणखी एक रकाना होता, जातीचा. कोणी झाडायचं आणि कोणी स्वयंपाक करायचा हे अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरून ठरत होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ला हा रकाना नोंदवह्यांतून काढून टाका, असा आदेश दिला. १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला गेला. सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येआडून तो तुरुंगात राहिला होता.

आज घरच्यांनी लक्ष ठेवावी अशी नोंद म्हणजे आत गेलेल्या दिवसांची. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा हक्क आहे. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. हे नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९वं कलम. जुन्या खटल्यांनाही ते लागू, असं सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट २०२४मध्ये ठरलं. अर्ज करायची जबाबदारी चक्क तुरुंग अधीक्षकावर आहे. फक्त एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत नाही, आणि कल्याण-डोंबिवलीत चोरीत पकडलेल्या पोरांवर एकच खटला क्वचित असतो. दिवस मोजणारा वकील हवा. तो परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, असंही नाही. आदेशाची प्रत तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत ठरल्या वेळेआधी पडली नाही, तर आणखी एक रात्र आत. २०२१ साली आर्थर रोडबाहेरची ती पेटी देशभर टीव्हीवर दिसली, कारण आत एका नटाचा मुलगा होता. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पाठवावा, जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत चढवावी, आणि सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. सात दिवसांत न सुटण्याचं कारण बहुधा एकच असतं. जामीनदार नाही, पैसे नाहीत. त्यासाठी २०२३पासून केंद्राची योजना आहे; सुरू झाली तेव्हा तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरली होती. प्रकरण जिल्हा पातळीवरच्या समितीपुढे जातं. आधारवाडीच्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईने विचारायचं ते हेच, की माझ्या नवऱ्याचं नाव त्या समितीकडे गेलं का, आणि कोणत्या तारखेला.