ऑनलाइन खेळ, खेळाडूची माहिती आणि संमतीचे वाक्य

ऑनलाइन खेळाच्या संकेतस्थळावर खाते उघडू इच्छिणाऱ्या व्यक्तीपुढे प्रथम एक लांबलचक निवेदन येते. त्याखालील चौकटीत खूण करून ते मान्य असल्याचे कळविल्याखेरीज खेळात प्रवेश मिळत नाही. या निवेदनास ‘गोपनीयता धोरण’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण माहिती गुप्त कशी राहील यापेक्षा ती कोणकोणत्या प्रसंगी दुसऱ्याच्या हाती जाईल, याचेच वर्णन त्यात बहुधा अधिक असते. अशा निवेदनांचा विचार कायदेपंडित करतातच. परंतु भाषेच्या अभ्यासकासही तो टाळता येण्याजोगा नाही. संमती ही अखेर कोणत्या तरी वाक्याला दिलेली असते, आणि त्या वाक्यात कर्ताच नसेल तर संमती नेमकी कोणाच्या कोणत्या कृतीला दिली, हे सांगता येत नाही.

खेळाडू स्वतः लिहून देतो ती माहिती थोडी असते: नाव, ईमेल, जन्मतारीख आणि खरेदी केल्यास पैसे भरण्याचा तपशील. उरलेली माहिती तो देत नाही, ती त्याच्या खेळण्यातून उमटत जाते. तो कोणत्या यंत्रावरून व कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, किती वेळ खेळला, कोठे हरला, हरल्यावर काय विकत घेतले, कोणाशी बोलला, अशा गोष्टींची नोंद सर्व्हरवर ठेवता येते. यांपैकी बराच भाग खेळ चालण्यासाठी आवश्यक आहे, हे मान्य केले पाहिजे. कोणता खेळाडू कोठे उभा आहे हे सर्व्हरला ठाऊक नसेल तर सामना होणेच शक्य नाही. लबाडी करणारा खेळाडूही नोंदींवाचून ओळखता येत नाही. अडचण त्यापुढची आहे. याच नोंदींवरून हा खेळाडू पैसे खर्च करील, तो लवकरच खेळ सोडील, अशी अनुमाने काढता येतात. ती खेळाडूने दिलेली नसतात आणि पुष्कळदा त्याला ठाऊकही नसतात. ‘गोळा करणे’ या क्रियापदात मात्र दिलेले, उमटलेले आणि अनुमानिलेले हे सर्व सामावते. अंगणात पडलेली फुले वेचावीत तशी माहिती आधीच तेथे पडून होती, असा भास हे क्रियापद निर्माण करते.

या विषयाचे गांभीर्य एका प्रकरणावरून स्पष्ट होईल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ या खेळाची निर्माती असलेल्या एपिक गेम्स या कंपनीबरोबर झालेली तडजोड जाहीर केली. मुलांच्या माहितीसंबंधीचा कायदा मोडल्याच्या आरोपावरून कंपनीने २७ कोटी ५० लक्ष डॉलर दंड भरावयाचा होता. शिवाय फसव्या रचनेच्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीपोटी २४ कोटी ५० लक्ष डॉलर ग्राहकांना परत करावयाचे होते. अमेरिकेच्या १९९८ च्या या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांना कळवावे लागते आणि पडताळून पाहता येईल अशी त्यांची संमती मिळवावी लागते. कमिशनचे म्हणणे असे होते की, लहान मुले हा खेळ खेळतात हे कंपनीला खेळाडूंच्या पाहण्यांवरून ठाऊक होते. त्या खेळाच्या नावाने खेळणीही विकली जात होती. तरीही पालकांची संमती घेतली गेली नाही, आणि मुलाची माहिती पुसून टाकावी असे सांगणाऱ्या पालकांना अवाजवी खटाटोप करावा लागला.

याहून महत्त्वाचा आरोप आवाजी व लेखी संभाषणाविषयी होता. ही सोय मुळातच चालू ठेवलेली असल्यामुळे मुले अनोळखी प्रौढांशी जोडली जात आणि काहींना धमक्या व छळ सोसावा लागला. ही व्यवस्था बदलावी असे कंपनीतील कर्मचारी २०१७ पासून सुचवीत होते. पुढे आवाजी संभाषण बंद करण्याचे बटण ठेवण्यात आले, पण ते सहज सापडेल अशा जागी नव्हते. तडजोडीनंतर मुलांसाठी व किशोरांसाठी हे संभाषण मुळात बंद ठेवणे कंपनीवर बंधनकारक झाले.

मुळात चालू ठेवलेली सोय ही खेळाडूच्या वतीने परस्पर उच्चारलेले वाक्यच होय. मौन म्हणजे संमती, हा जुना संकेत यंत्राने येथे उचलला. मे २०१८ मध्ये लागू झालेल्या युरोपीय कायद्याने तो स्पष्टपणे नाकारला आहे: मौन, आधीच खूण केलेली चौकट किंवा निष्क्रियता यांस संमती म्हणता येत नाही. त्या कायद्यावरील मार्गदर्शनात तर थेट व्याकरणाचाच उपदेश आहे. वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहावीत आणि इंग्रजीतील ‘मे’, ‘माइट’, ‘सम’, ‘ऑफन’ यांसारखे मोघम शब्द टाळावेत, असे त्यात म्हटले आहे. शासकीय कागदपत्रांत प्रयोगविचार इतक्या उघडपणे क्वचितच येतो.

मराठीच्या दृष्टीने हा उपदेश लवकरच उपयोगी पडणार आहे. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्या भाषांत मराठी आहेच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमुख तरतुदींसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. तेव्हा इंग्रजी निवेदनांची मराठी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर होणार. ती ज्या वळणाने होण्याचा संभव आहे त्याचा नमुना असा: ‘आपली माहिती आमच्या भागीदारांना पुरविण्यात येऊ शकते.’

मराठीच्या जुन्या कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत का होईना, पण सामान्यतः हजर असतो: ‘कंपनीने माहिती दिली.’ ‘-ण्यात येते’ ही रचना व इंग्रजीच्या अनुकरणाने रुळलेला नवीन कर्मणी यांत मात्र कर्ता वगळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. कार्यालयीन मराठीने या सोयीचा भरपूर उपयोग केला आहे. त्यात ‘शकणे’ची भर पडते. इंग्रजी ‘मे’मध्ये शक्यता व परवानगी असे दोन अर्थ आहेत, ‘शकणे’मध्ये सामर्थ्य व शक्यता आहेत. म्हणजे मूळ वाक्यात कंपनी जी परवानगी स्वतःसाठी राखून ठेवीत होती, ती भाषांतरात निव्वळ शक्यता होऊन बसते, आणि पाऊस पडू शकतो तशी माहिती जाऊ शकते.

हेच निवेदन मराठीत निराळ्या तऱ्हेने लिहिता येते: ‘आपण रोज किती वेळ खेळता, याची नोंद कंपनी जाहिरात देणाऱ्या संस्थांना देते. आपण नको म्हटल्यास देणार नाही.’ येथे देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू ही तिन्ही कारके जागच्या जागी आहेत, म्हणून वाचकाला हो किंवा नाही म्हणता येते. माहिती बाळगणाऱ्या संस्थेस भारतीय कायदा ‘फिड्यूशियरी’, म्हणजे विश्वस्त, म्हणतो. हिशेब देताना विश्वस्ताने आपले नाव वगळून चालत नाही. याच कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. तिच्यासाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची संमती लागते आणि तिच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. तेव्हा हे मराठी वाक्य पुष्कळदा स्वतः न खेळणाऱ्या, संध्याकाळी मुलाच्या हातातील फोन घेऊन तो पाहणाऱ्या पालकापुढे येईल.