पंप पाठीवरून उतरल्यानंतर

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली. झाड दाट, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, वर उकाडा आणि दमट हवा. त्यात बोंडअळीची धास्ती. फवारणीवर फवारणी झाली आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर येत राहिले. कुणाला दिसेनासे झाले होते, कुणाला श्वास घेता येत नव्हता, कुणी इतके बेभान होते की त्यांना खाटेला बांधून ठेवावे लागत होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे 800 जणांना विषबाधा झाली, 20 हून अधिक जण दगावले.

त्यानंतर सरकारी चाके फिरली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले, मृतांच्या वारसांना 2 लाख रुपये जाहीर झाले. मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थ्युरॉन, अ‍ॅसिफेट आणि दोन मिश्र औषधे अशा पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी आली. हे सारे त्या हंगामापुरते आणि प्रामुख्याने दगावलेल्यांपुरते होते. जे सलाइन संपल्यावर घरी गेले आणि पुढच्या खरिपात पुन्हा पंप पाठीला अडकवून उभे राहिले, त्यांचे काय? जे कधी दवाखान्यात गेलेच नाहीत, संध्याकाळी डोके जड झाले म्हणून न जेवता झोपले आणि सकाळी पुन्हा कामावर गेले, त्यांचे काय? विषाचा खरा हिशेब या माणसांच्या रक्तात आहे आणि तो हिशेब आपण मांडतच नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

विष शिरते कुठून

फवारणीचे काम धुऱ्यावर सुरू होते. बादलीत पाणी, त्यात एका बाटलीचे झाकणभर, दुसऱ्या पुडीतले थोडे, वरून बुरशीनाशक आणि कृषी केंद्रवाल्याने हातात दिलेले टॉनिक. काडी हाताशी असली तर काडीने ढवळायचे, नसली तर हाताने. बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतच्या पत्रकावरची अक्षरे इतकी बारीक असतात की चांगल्या उजेडातही ती वाचवत नाहीत. मग पंप भरायचा आणि ओळीत शिरायचे. हातपंपाच्या जागी आता चार्जिंगचे पंप आले आहेत. त्यांचा फवारा बारीक आणि जोरकस. दिवसाचे काम जास्त उरकते, पण ते धुके डोक्याएवढ्या पिकातून परत अंगावरच येते. मजुरी पंपावर ठरलेली असली की मजूर थांबत नाही. थांबला की त्याचा रोज बुडतो.

विष नाकातोंडातून जाते असा सर्वसाधारण समज आहे, म्हणून तोंडाला रुमाल बांधला की काळजी घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या शरीरात बहुतेक विष कातडीतून शिरते. अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली पॅराथिऑन या कीटकनाशकावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोपराखालच्या हातावर लावलेल्या विषापैकी सुमारे 9 टक्के शरीरात शोषले गेले, कपाळावरचे 36 टक्के, काखेतले 64 टक्के आणि वृषणाच्या कातडीवरचे जवळपास सगळे. गळक्या पंपातून पाठीवर आणि कमरेवर ओघळणारे पाणी, दिवसभर अंगाला चिकटलेली ओली चड्डी आणि पँट यांचा अर्थ या आकड्यांवरून कळतो. हातमोजे आणि मास्क दिले की प्रश्न मिटला असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

आत गेल्यावर

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही सगळी ऑर्गनोफॉस्फेट कुळातली औषधे. शरीरात मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या मार्फत. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या रसायनाचे तुकडे करते आणि स्नायू सैल होतो. ऑर्गनोफॉस्फेट या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप थांबतच नाही. लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू उडू लागतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अ‍ॅट्रोपीन हे त्यावरचे ओळखीचे औषध. डायफेन्थ्युरॉन मात्र वेगळ्या मार्गाने, पेशींची ऊर्जानिर्मिती अडवून काम करते. त्यावर नेमका उतारा नाही. रोग्याने काय फवारले हे डॉक्टरला कळलेच नाही, किंवा बादलीत चार औषधे एकत्र झालेली असली, तर उपचार अंदाजानेच करावे लागतात.

डायफेन्थ्युरॉन युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये केव्हाच वापरातून गेले आहे. यवतमाळच्या दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने 2020 साली हे औषध ‘पोलो’ या नावाने विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये भरपाईचा दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण कुठल्याशा शेतातल्या मजुराचा मृत्यू बासेलच्या न्यायालयापर्यंत नेता येतो, हे या माणसांनी दाखवून दिले.

एकाच शेतात दोन नशिबे

एकाच ओळीत, एकच औषध फवारणारे दोघे. एक संध्याकाळी हसतखेळत घरी जातो, दुसरा ओकाऱ्या करत दवाखान्यात पोचतो. गावात याला ‘त्याला मानवत नाही’ म्हणतात. यामागच्या अनेक कारणांतले एक जनुकात आहे. सातव्या गुणसूत्रावर पीओएन1 नावाचे जनुक असते. पॅरॉक्सोनेज हे विकर त्यापासून तयार होते आणि ते काही ऑर्गनोफॉस्फेटांचे जहाल रूप रक्तातच मोडून टाकते. या विकराच्या साखळीत 192 व्या जागी काहींना ग्लुटामिन असते, काहींना आर्जिनिन. तेवढ्या फरकाने मोडण्याचा वेग बदलतो. शिवाय रक्तातले विकराचे प्रमाणही माणसागणिक कितीतरी पटींनी वेगळे असते. ‘सुरक्षित मात्रा’ सरासरी माणसासाठी काढलेली असते आणि ओळीत पंप घेऊन उभा असलेला मजूर त्या सरासरीतला असेलच असे नाही.

ज्याला काहीच झाले नाही असे वाटते, त्याच्याही पेशी काही सांगत असतात. ते ऐकण्याची एक साधी रीत प्रयोगशाळांकडे आहे. मजुराच्या रक्तातील पेशी काचपट्टीवर जेलीच्या पातळ थरात बसवतात, पेशीचे कवच विरघळवतात आणि त्यातून वीज सोडतात. डीएनए धड असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल ठिपका दिसतो. तो तुटलेला असेल तर तुकडे विजेच्या ओढीने सरकतात आणि ठिपक्यामागे शेपूट उमटते. शेपूट जितके लांब, तितकी मोडतोड जास्त. दिसते धूमकेतूसारखे, म्हणून ही धूमकेतू चाचणी. भारत, पाकिस्तान आणि लॅटिन अमेरिकेतील शेतमजूर व कीटकनाशक कारखान्यांतील कामगारांवर ती अनेकदा झाली आहे आणि पुष्कळ अभ्यासांत विषाशी संबंध येणाऱ्यांच्या डीएनएची मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली आहे. पेशी यातले बरेचसे दुरुस्त करते. पण हंगामामागून हंगाम घाव बसत राहिले तर सगळेच दुरुस्त होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन यांना ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकले. त्यामागच्या पुराव्यांत डीएनएची ही मोडतोडही होती.

पुढच्या पिढीपर्यंत

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील रूपा, रेड्डी आणि रेड्डी या जनुकशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकातच कपाशीच्या शेतांत फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यांच्या गुणसूत्रांत बिघाड जास्त आढळले. 1991 साली त्यांनी फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांची तुलना इतर कुटुंबांशी केली. फवारणीवाल्यांच्या घरांत गर्भपात, मृत जन्म, नवजात बालकांचे मृत्यू आणि जन्मजात व्यंगे जास्त होती. पंप नवऱ्याच्या पाठीवर होता आणि किंमत बायकोच्या पोटातल्या जिवाने चुकवली.

बायका विषापासून लांब असतात असेही नाही. पंपात घालायचे पाणी त्या आणतात, कित्येकदा औषध कालवतात, फवारलेल्या पऱ्हाटीत निंदतात, कापूस वेचतात आणि विषाने भिजलेले कपडे धुतात. 2003 च्या हंगामात दक्षिण भारतातील तीन गावांतल्या कापूस उत्पादक कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात फवारणीच्या 323 नोंदींपैकी 83.6 टक्के वेळा विषबाधेची लहानमोठी लक्षणे दिसली. जास्त फटका बसला तो अल्पभूधारकांना.

गर्भावर होणारा परिणाम सर्वांत बारकाईने पाहिला गेला तो कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर मातांचा अभ्यास बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि सहकाऱ्यांनी 1999 च्या सुमारास हाती घेतला. गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेटचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अवशेष असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी भरला. नवजात बाळांत पॅरॉक्सोनेजचे प्रमाण आईच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढेच होते. विष मोडण्याची ताकद सर्वांत कमी असते, नेमके तेव्हाच मेंदू घडत असतो.

नियम 1971 चा

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. 1958 साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेले धान्य खाऊन शंभरावर माणसे मेली. त्या धक्क्यातून 1968 चा कीटकनाशक कायदा आला आणि 1971 चे नियम आले. त्यातला नियम 37 सांगतो की कीटकनाशकांच्या निर्मितीत किंवा फवारणीत काम करणाऱ्याची वैद्यकीय तपासणी कामाला लावण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने झाली पाहिजे. ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची मोजणीही त्यात आहे. कॅलिफोर्नियाने अशीच सक्ती 1974 पासून मालकांवर केली आहे. हंगामापूर्वी मजुराची स्वतःची पातळी मोजतात आणि तांबड्या पेशींतली पातळी त्याच्या 70 टक्क्यांवर आली की त्याला विषाच्या कामावरून बाजूला काढतात. यवतमाळमध्ये 2017 साली रोगी दारात उभे होते आणि ही चाचणी करण्याची सोय जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही नव्हती.

मोनोक्रोटोफॉसवर 2023 साली केंद्राने बंदीचा निर्णय घेतला, पण त्यासाठी किती वर्षे गेली! 2013 मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून हेच विष पोटात जाऊन 23 मुले दगावली होती. जहाल औषधे एकेक करून बाजारातून काढणे हा खरा उपाय आहेच. पण त्याला वेळ लागणार आणि तोवर फवारणी थांबणार नाही.

तोवर निदान तपासणीचा नियम 37 पाळला जायला हवा. अडचण एवढीच आहे की रोजंदार मजुराला कागदोपत्री मालक नसतो. आज या शेतावर, उद्या त्या. म्हणून नियमाची जबाबदारी कुणावरच पडत नाही. ती शासनाने उचलली पाहिजे. कपाशीच्या जिल्ह्यांत फवारणाऱ्यांची गावनिहाय यादी हवी. पंप उचलण्यापूर्वी जून महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या कोलिनेस्टरेजची पहिली मोजणी हवी आणि हंगामात दर महिन्याला पुन्हा. रक्ताच्या थेंबावर ती करणारी, हातात मावणारी यंत्रे उपलब्ध आहेत. पातळी घसरली तर मजुराला दुसरे काम आणि बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे, नाहीतर तो तपासणीलाच येणार नाही. गरोदर बाईला फवारलेल्या शेतात न पाठवता रोजगार हमीतून दुसरे काम मिळाले पाहिजे. आणि या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या, तर वीस वर्षांनी कुणाला कर्करोग झाला, कुणाचे मूल व्यंग घेऊन जन्मले, याचे उत्तर आपल्याच मातीतून मिळेल. त्यासाठी सॅलिनासकडे पाहावे लागणार नाही.

आपण अंगावर घालतो त्या कापसासाठी कुणीतरी स्वतःच्या पेशी पणाला लावतो. त्याने काळजी घेतली नाही, मास्क लावला नाही, असे म्हणत दोष त्याच्यावर ढकलणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. त्याच्या रक्ताची तपासणी हा त्याचा हक्क आहे, तो अर्धशतकापूर्वी लिहून दिलेला आहे. येत्या खरिपात पहिली बाटली फुटण्याआधी तो त्याच्या पदरात पडला पाहिजे.