लपलेल्या फाइली

"भाऊ, सगळं गेलं हो," ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या. गावच्या वाचनालयात आम्ही दहा वर्षे जात्यावरच्या ओव्या टंकून ठेवत होतो. सांगणाऱ्या बायकांपैकी अनेकजणी आज हयात नाहीत. ओव्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर होत्या, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह छपाईच्या दुकानात जाऊन आला आणि आठवड्याभरात दोन्हींवरचे एकही फोल्डर उघडेना. दुकानातल्या मुलाने दोन्ही नेऊन अँटिव्हायरसने 'साफ' केले, तरी तेच. मग तो म्हणाला, "संगणकासकट सगळं फॉरमॅट मारा."

ते परवडणारे नव्हते. आमचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसेल तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय चालत नाही आणि त्याची मूळ सीडी कधीच हरवली आहे. म्हणून तो संगणक अजून विंडोज एक्सपीवर आहे आणि त्याला इंटरनेट मुद्दामच दिलेले नाही. बाईंचा प्रश्न रास्त होता: नेटच नाही, तर व्हायरस आला कुठून?

खरे तर व्हायरस इंटरनेटच्या घरोघरी येण्याआधीपासून हिंडताहेत. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून हातोहात जगभर गेला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पात शिरला, तोही बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या यंत्रणेत. पेनड्राइव्हवरचा शॉर्टकट पडद्यावर नुसता दिसला तरी त्याचे काम होत असे. आमच्याकडचा प्राणी त्यामानाने अगदीच गावठी, पण वाट तीच.

मी हे कुठे शिकलेलो नाही. स्वतःचे दोन संगणक बिघडवून समजले तेवढेच. पहिली गोष्ट म्हणजे काही पुसण्याआधी पाहावे. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर भरलेली जागा पूर्वीइतकीच होती. म्हणजे ओव्या होत्या, फक्त दिसत नव्हत्या. हा किडा मूळ फोल्डरांना 'लपवलेले' आणि 'सिस्टिमचे' अशा दोन खुणा लावतो आणि त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट पुढे ठेवतो. शॉर्टकट दाबला की आधी त्याची छुपी स्क्रिप्ट चालते, मग खरे फोल्डर उघडते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. दुकानातल्या अँटिव्हायरसने स्क्रिप्ट उडवली, पण शॉर्टकट ठेवले. ते आता कुठेच पोचत नव्हते.

वाचनालयाच्या संगणकात मात्र स्क्रिप्ट जिवंत होती. तिथे पेनड्राइव्ह लावला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि बिघडलेल्या विंडोजलाच 'तुझ्यात काही आहे का' असे विचारण्यात अर्थ नसतो. काही व्हायरस अँटिव्हायरसलाच बंद पाडतात. म्हणून यंत्र बाहेरून सुरू करायचे. घरच्या निरोगी संगणकावर मी पपी लिनक्स उतरवून घेतले आणि एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर भरले. पेनड्राइव्ह न्यायचा मोह टाळला, कारण अशा सीडीवर व्हायरसला काही लिहिता येत नाही. अँटिव्हायरस कंपन्यांच्या बचाव-सीडीही मिळतात, पण त्यांची व्हायरसांची यादी सीडी केली त्या दिवसापुरतीच असते. जुनी सीडी कामाची नाही.

वाचनालयात सीडीवरून संगणक सुरू केला. विंडोज झोपलेले, म्हणून स्क्रिप्टही झोपलेली. मग डिस्क जोडली. लिनक्स विंडोजच्या त्या 'लपवलेले'च्या खुणेला जुमानत नाही. सगळी फोल्डरे समोर उभी राहिली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत बसल्या.

साफसफाईआधी प्रत. फक्त मजकुराच्या फाइली नव्या डिस्कवर घेतल्या. एकही प्रोग्रॅम किंवा शॉर्टकट घेतला नाही. मग संगणकाच्या स्टार्टअप फोल्डरातली आणि वापरकर्त्याच्या फोल्डरात लपलेली स्क्रिप्ट काढली. विंडोज सुरू केल्यावर 'स्क्रिप्ट सापडत नाही' अशी तक्रार आली. रजिस्ट्रीत तिची नोंद उरली होती. ती एमएसकॉन्फिगमधून बंद केली. यानंतरच गावातले सगळे पेनड्राइव्ह एका दिवशी गोळा करून लिनक्सखाली तपासले. एक राहिला असता तरी सगळे पाणी फुकट गेले असते.

डोंगल लावून पहिली फाइल उघडली. अक्षरे मराठीत आली.

आता छपाईला पेनड्राइव्ह जात नाही, सीडी जाते. दुकानातला मुलगा वैतागतो. त्याच्या नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही.