गाजरगवताचा हिशेब कसा मांडायचा?

पवनारहून वर्ध्याकडे निघालो की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या फुलांचं जे रान माजलेलं दिसतं, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. मूळचं ते मेक्सिको आणि त्या बाजूच्या अमेरिकेतलं. प्रश्न साधा वाटतो : या गवतापायी आपलं किती नुकसान होतं? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, अर्थशास्त्र नव्हे. पण ‘किती’ म्हणण्याआधी ‘कशाच्या तुलनेत’ आणि ‘कुणाचं’ हे विचारायची खोड त्या विषयानेच लावली.

आधी नावाचं बघू. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर हे बी आलं, असं आपण सगळेच सांगतो. भारताचा त्या कायद्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. आणि पुण्यात हे झाड दिसल्याची नोंद १९५५ ची! आयात धान्य त्याआधीही येत होतं, तेव्हा गव्हाबरोबर आलं असेलही. पण दोष कुणाच्या नावावर टाकायचा हे आपण तारखा न बघताच ठरवून मोकळे झालो. नुकसानीच्या आकड्यांचंही पुष्कळदा असंच होतं.

आता शेतात चला. समजा, एक एकर सोयाबीन निंदायला आठ बाया लागल्या, मजुरी तीनशे रुपये. झाले २४०० रुपये. हे सगळे गाजरगवताच्या खात्यावर टाकायचे का? नाही. गाजरगवत नसतं तरी दुसरं तण उगवलंच असतं. त्यासाठी पाच बाया पुरल्या असत्या असं धरू. म्हणजे फरक तीन बायांचा, ९०० रुपयांचा. नुकसान म्हणायचं ते या फरकाला. जे घडलं ते आणि जे घडलं असतं ते, यांतला हा फरक. दुसरी बाजू कुणी पाहिलेली नसते, ती अंदाजानेच मांडावी लागते. म्हणून एखाद्या अहवालात आकडा दिसला की आम्ही आधी शोधतो, यांनी ‘गवत नसतं तर’ची गोष्ट काय धरली आहे?

पण थांबा. शेतकऱ्याचे ते ९०० रुपये गेले, ते तीन बायांच्या पदरात पडले. मग नुकसान कुणाचं? त्या दिवशी त्यांना दुसरं उपयोगाचं काम असतं, तर समाजाचा तेवढा श्रम वाया गेला म्हणायचा. दुसरं कामच नसेल, तर पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, इतकंच. आणि हेच निंदण घरच्या बाईने घरच्या शेतात केलं, तर वहीत शून्य! श्रम तोच, वाकलेली कंबर तीच. गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर चट्टे उठतात, भयंकर खाज सुटते. परागाने कुणाला दमा जडतो. डॉक्टरचे दोनशे रुपये हिशेबात येतात, रात्रभर खाजवत काढलेली झोप येत नाही.

गावाची ई-क्लास जमीन घ्या. तिथलं चराईचं गवत या झाडाखाली दबतं, आणि हे झाड जनावर सहसा तोंडात धरत नाही; धरलंच तर दूध कडवट होतं. शेळीवालीला लांब जावं लागतं. ही जमीन कुणा एकाची नाही, म्हणून तिथलं नुकसानही कुणाच्याच सातबाऱ्यावर चढत नाही.

याच कारणाने मोठे आकडे जपून वाचावेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९६० ते २०२० या काळात परक्या आक्रमक जीवांनी भारताचं सुमारे १२७ अब्ज डॉलरचं, म्हणजे ८.३ लाख कोटी रुपयांचं नुकसान केलं असं मांडलं. ऐकून छाती दडपते. पण देशात परक्या जाती दोन हजारांवर, आणि खर्चाची माहिती मिळाली ती अवघ्या दहांची! म्हणजे आकडा प्रचंड आहे आणि तरी अपुरा आहे. जगाचं पाहिलं तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात वर्षाला ४२३ अब्ज डॉलर म्हटलंय. त्यातला जेमतेम ८ टक्के भाग बंदोबस्तावरचा खर्च, बाकी सगळी हानी.

इथेच, परमधाम आश्रमात, १९५० च्या सुमारास विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाचा आधार सोडायचा, स्वतःच्या श्रमावर जगायचं. शेतीसुद्धा बैलाशिवाय, हाताने. तो प्रयोग सगळ्यांना झेपण्यासारखा नव्हता हे आम्हीही मानतो. पण पैसा हेच एक माप नव्हे, एवढं तर त्यातून घेता येईल की नाही? गावाने नुकसान श्रमदिवसांत मोजलं तर घरच्या बाईचं निंदण आपोआप वहीत येतं.

उपायाचाही हिशेब असाच. १९८४ च्या सुमारास बेंगळुरूकडे मेक्सिकोतला एक भुंगा सोडला, झायगोग्रामा त्याचं नाव. तो पावसाळ्यात गाजरगवताची पानं फस्त करतो, मजुरी मागत नाही. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याच्या तक्रारी आल्या आणि मोठा वाद झाला. म्हणजे उपायाच्या खात्यालाही खर्चाची बाजू ठेवावी लागते. आपला तरोटा त्या मानाने बिनधोक. पावसाच्या सुरुवातीला त्याचं बी पडीक जागेवर फेकलं तर तो दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. उपटायचं तर फुलं येण्याआधी, कारण एक झाड हजारो बिया टाकतं. आणि हातमोजे घालून. ते मोजे कुणी विकत घ्यायचे, शेतकऱ्याने, ग्रामपंचायतीने की निंदणाऱ्या बाईने, हे ग्रामसभेत पेरणीआधीच ठरवून घ्या.